'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला की बंद झाला?

वाजला. 'माय अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' म्हणजे सहाला गजर झाला. स्विचवरचं 'ऑन-ऑफ' बघून ऑफ म्हणजे बंद असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, म्हणून तुमच्यासारखा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

'गो ऑफ' समजून घ्यायला बंदुकीचं उदाहरण घ्या. 'द गन वेंट ऑफ' म्हणजे बार उडाला. हा वापर इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. दाबून, अडवून ठेवलेलं काहीतरी एकदम सुटतं, ही त्यामागची कल्पना. बॉम्ब, फटाका, फायर अलार्म, पार्किंगमधल्या गाडीचा रात्री दोनला बोंबलणारा सायरन, सगळे 'गो ऑफ' होतात.

दिव्यांचं मात्र उलट. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे बंद झाले. म्हणजे 'द लाइट्स वेंट ऑफ अँड द अलार्म वेंट ऑफ' या एकाच वाक्यात दिवे विझतात आणि गजर सुरू होतो! तेव्हा आधी कर्ता बघायचा, मग अर्थ लावायचा.

'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. हे ब्रिटिश वळण. अमेरिकेत 'गॉन बॅड' म्हणतात. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' हेही ब्रिटिशच, म्हणजे कॉफीवरून मन उडालं. (आपल्याकडेही बार उडतो आणि मनही उडतं, मजा आहे.) लग्न, कार्यक्रम पार पडला असं सांगायचं असेल तर नुसतं 'वेंट ऑफ' चालत नाही, पुढे 'वेल' (छान) किंवा 'विदाउट अ हिच' (काही अडथळा न येता) असं काही लागतं.

आपली मुलं हमखास अडखळतात ती व्याकरणात. 'अलार्म वॉज वेंट ऑफ' चूक, तिथे 'वॉज' नको. आणि 'मी अलार्म वाजवला' याला 'आय वेंट ऑफ द अलार्म' म्हणाल, तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्हाला अलार्म आवडेनासा झाला. तिथे 'आय सेट ऑफ द अलार्म' हवं. वाजता गजर बंद केला, तर 'आय टर्न्ड इट ऑफ'.

ऑफिसला उशीर झाला की साहेबांना 'माय अलार्म डिडन्ट गो ऑफ' असं कळवा, म्हणजे गजर झालाच नाही. 'माय अलार्म वॉज ऑफ' लिहिलंत तर अर्थ होतो, अलार्म बंदच होता, आणि मग तो लावला का नव्हता, हा पुढचा प्रश्न येणारच.