परदेशातल्या विपश्यना केंद्रावर सेवेला गेलेल्या ज्येष्ठ जोडप्याचा दिवस कसा जातो?

तुमचे आई-बाबा दोघंही निवृत्त आहेत, विपश्यना ध्यानाचे जुने साधक आहेत, म्हणजे दहा दिवसांचं शिबिर आधी पूर्ण केलेले, आणि आता अमेरिकेतल्या विपश्यना केंद्रावर सहा महिने धम्मसेवेला, म्हणजे शिबिरं चालवायला बिनपगारी हातभार लावायला, जायचं म्हणतायत. तिथे दिवसभर काय करावं लागतं आणि या वयात ते झेपेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

आम्ही नवरा-बायको दोघंही साठी ओलांडलेले. हे वीज मंडळातून निवृत्त झाले, मी नाशिकला शाळेत शिकवत होते. मुलगी न्यू जर्सीत असते, त्यामुळे आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. तिच्या घरापासून गाडीने साडेतीन-चार तासांवर, मॅसॅच्युसेट्समध्ये शेलबर्न फॉल्स गावाजवळ ‘धम्मधरा’ नावाचं केंद्र आहे. १९८२ मध्ये सुरू झालेलं, सत्यनारायण गोएंका गुरुजींनी शिकवलेल्या या परंपरेचं उत्तर अमेरिकेतलं ते पहिलं केंद्र. तिथे आम्ही ऐन हिवाळ्यात गेलो आणि उन्हाळा येईपर्यंत राहिलो. तेव्हाचं सांगते.

डोंगर, झाडी, निवांत ध्यान आणि जमेल तसा हातभार, असं काही आई-बाबांच्या मनात असेल तर त्यांच्याशी आधी बोला. दोन शिबिरांच्या मधले दिवस थोडेफार तसे असतात. पण शिबिर सुरू झालं की दहा दिवस घरात लग्न असल्यासारखे जातात. शंभरावर माणसं, प्रत्येकाचं खाणंपिणं घड्याळाच्या काट्यावर, आणि आलेले साधक दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आपसात एक शब्दही बोलत नाहीत. काय हवं-नको ते आपणच ओळखायचं, नाहीतर ते व्यवस्थापकाला सांगतात किंवा चिठ्ठी लिहून ठेवतात.

पहाटे ४ ला घंटा होते. ती वाजवणारा अर्थात त्याआधी उठलेला असतो. साधक साडेचारला ध्यानाला बसतात, स्वयंपाकघरातले सेवक साडेपाचच्या आसपास कामाला लागतात, कारण साडेसहाला नाश्ता मांडायचा असतो. ओटमील, शिजवलेले सुके प्लम, ब्रेड, फळं, चहा-कॉफी. ८ ते ९ सामूहिक साधना असते, तिला सेवकांनीही बसायचं. मग ११ च्या जेवणाची घाई. अडीच ते साडेतीन आणि संध्याकाळी ६ ते ७ पुन्हा सामूहिक साधना, तिथेही आपण असायचंच. हे तीन तास चुकवून कोणी जास्त भांडी घासली तर त्याचं तिथे कौतुक होत नाही. मधे ५ ला नव्या साधकांना फळं आणि चहा, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. ७ ला प्रवचन. जगभरच्या केंद्रांवर गोएंका गुरुजींची दहा दिवसांची जी इंग्रजी प्रवचनं लावतात, ती १९९१ मध्ये याच धम्मधरेवर चित्रित झालेली आहेत. मला हे तिथे गेल्यावर कळलं आणि त्यानंतर ती ऐकताना अंगावर काटा यायचा. रात्री ९ ला साधक उठले की सगळे सेवक सहायक आचार्यांसमोर, म्हणजे गुरुजींच्या वतीने शिबिर चालवणाऱ्या शिक्षकांसमोर, बसतात. दिवसभरात काही अडलं असेल तर सांगायचं, मग मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची छोटी साधना, आणि साडेनवानंतर कधीतरी पाठ टेकायची.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आईंचा बराच वेळ तिथेच जाईल. कोणत्या दिवशी काय करायचं हे ठरलेलं असतं. प्रत्येक पदार्थाची कृती फाइलमध्ये लावलेली असते आणि माणसांच्या आकड्याप्रमाणे डाळ किती, पाणी किती, मीठ किती हे लिहिलेलं असतं. आपल्यासारख्या जन्मभर अंदाजाने स्वयंपाक केलेल्या बायकांना वाटी-चमच्याने मीठ मोजणं सुरुवातीला फार जड जातं. वरणाला चरचरीत फोडणी द्यावी, लसूण थोडा वाढवावा, असं हाताला सारखं वाटत राहतं. पण बाहेर दिवसाला दहा तास डोळे मिटून बसणारी माणसं आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी जन्मात कधी मिरची खाल्लेली नाही, आणि ध्यानात पोट सगळ्यात आधी कुरकुरतं. म्हणून जेवण सौम्यच ठेवायचं. मला हे पटायला थोडे दिवस लागले, पण एकदा पटल्यावर मीठ मोजून घालण्यातही सेवा आहे हे मनापासून जाणवलं. माझ्यासोबत कांदा चिरायला कधी एखादा सुतार असायचा, कधी कॉलेजातली मुलगी, एकदा तर निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. मुख्य सेविका माझ्या मुलीहून लहान. ती सांगेल तसं करायचं. शाळेत तीस-पस्तीस वर्षं वर्ग चालवलेल्या मला हा खरा व्यायाम होता.

आता नवरा-बायकोचं. शिबिर सुरू असताना स्त्रिया आणि पुरुषांची राहण्याची, जेवणाची, फिरण्याची जागा वेगळी असते. सेवकांनाही हाच नियम आणि नवरा-बायकोलाही. स्वयंपाकघरात दोन्हीकडचे सेवक एकत्र काम करतात, पण बोलायचं ते कामापुरतं. हे बाहेरच्या देखभालीच्या कामावर होते आणि दुपारच्या जेवणानंतर मोठी पातेली घासायला आत यायचे. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली, आणि आमचं दिवसभरातलं बोलणं म्हणजे, “हे पातेलं झालं का?” “झालं. झाकण राहिलंय.” बस. यांनी रक्तदाबाची गोळी घेतली का, कानटोपी घातली का, हे विचारायला जीव नुसता तळमळायचा. यांनाही मोजा कुठे ठेवलाय इथपासून सगळं स्वतःचं स्वतः बघावं लागलं. पहिल्या शिबिरानंतर मधल्या दिवसांत आम्ही गावात फिरायला गेलो. तिथे डिअरफील्ड नदीवर ट्रामचा जुना पूल आहे, गावाने त्यावर बाग केलीय. थंडीत फुलं कुठली, पण आम्ही काठाकाठाने चालत राहिलो. दहा दिवसांचं साचलेलं बोलणं होतं आणि यांनी आधी काय सांगावं, तर रात्री बर्फ पडताना कंदिलाच्या उजेडात वाट कशी दिसते ते. इतक्या वर्षांत घरी आम्ही बोलायचो ते गॅस, बिलं, नातेवाईक यांचंच. म्हणून तुमच्या आई-बाबांना सांगा, एकमेकांपासून लांब राहण्याची ही तयारी कामापेक्षा मोठी आहे, आणि मला विचाराल तर या सेवेतलं सगळ्यात मोलाचंही हेच आहे. दोघं आपापल्या जागी एकाच कामाला लागलेले असतात आणि कोणी कोणाला सांभाळत नसतं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी माताजींनी जन्मभर हे काम जोडीनं केलं. २००२ मध्ये गुरुजी ७८ वर्षांचे होते, तेव्हाही दोघं मोटरहोममधून अमेरिका-कॅनडाभर गावोगाव फिरत होते. थकवा आला की मला ते आठवायचं.

हिवाळ्याचं गांभीर्य मात्र तुम्ही मुलांनी समजून घ्या. तिथे बर्फ साठतो, वितळतो, रात्रीत पुन्हा गोठतो आणि वाटेवर काचेसारखा थर होतो. चारच्या घंटेनंतर शंभर माणसं अंधारात त्याच वाटेने हॉलकडे जाणार, म्हणून यांच्या गटाचं काम घंटेच्या आधी सुरू व्हायचं. फावड्याने बर्फ बाजूला सारायचा, बादलीतून मीठ आणि वाळू पसरायची, पायऱ्यांवर दुसरा हात मारायचा. जड काम तरुण सेवक करायचे, यांच्याकडे मिठाची बादली. आपल्या वयाच्या माणसांना खरा धोका पडण्याचा आहे. बुटांवर चढवायचे दातेरी पट्टे मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. स्वेटरांपेक्षा त्यांची गरज जास्त. जमत असेल तर आई-बाबांना एप्रिलनंतरच पाठवा.

उन्हाळ्याच्या तोंडावर मला स्त्रियांच्या बाजूची व्यवस्थापक केलं. पहाटे घंटा घेऊन निवासाभोवती फिरायचं, सामूहिक साधनेला कोण आलं नाही ते बघायचं, हळूच दार वाजवून बरं आहे ना विचारायचं. त्या शिबिरात एक तरुण मुलगी सहाव्या दिवशी माझ्यासमोर येऊन रडायला लागली, घरी जायचं म्हणाली. शाळेतल्या सवयीने माझ्या मनात समजुतीची दहा वाक्यं तयार होती. पण साधनेबद्दल सल्ला देणं हे व्यवस्थापकाचं काम नाही. मी तिला पाणी दिलं, झोप लागते का, गादी टोचते का, पाठीला खुर्ची हवी का एवढंच विचारलं आणि दुपारी सहायक आचार्यांकडे नेलं. त्यांनी तिला समजावलं, ती एक दिवस थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं म्हणाली, तेव्हा कपाटातून तिचा फोन आणि गाडीची किल्ली काढून मी तिच्या हातात दिली. ती गेली त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण जाताना तिने माझा हात धरायला हात पुढे केला आणि मग कोणाला स्पर्श न करण्याचा नियम आठवून दोन्ही हात जोडले. एखाद्या परक्या मुलीला रडू आलं तर समोर आजीच्या वयाची बाई असणं किती मोठा आधार असतो, हे मी तिथे पाहिलं. तुमच्या आईंसारख्यांची केंद्राला गरज आहे ती अशा वेळी.

देवपूजेचं आईंना आधीच सांगून ठेवा. शिबिराच्या काळात जप, पोथी, दिवा, उपास यांतलं काही करत नाहीत. कोणाचा धर्म बदलायचा म्हणून नव्हे. दहा दिवस एकाच साधनेला पूर्ण वाव द्यायचा म्हणून. माझी एकादशी कित्येक वर्षांची. ती तेवढ्यापुरती बाजूला ठेवताना मला जड गेलं, पण घरी सुनेने दिवा लावला आणि माझं मन निवलं. ज्यांना हे अजिबात मान्य नसेल त्यांनी सेवेला न जाणंच बरं, म्हणजे मनात सारखी ओढाताण राहत नाही.

पैशांचं थोडक्यात. राहणं-जेवण मोफत असतं, पण कुणालाच पगार नसतो, अगदी सहायक आचार्यांनाही. सगळा खर्च जुन्या साधकांच्या दानावर चालतो, आणि ज्याने एक तरी शिबिर पूर्ण केलंय त्याचंच दान घेतात. आपण खातो तो घास कुणीतरी आपल्याआधी देऊन गेलेलं असतं, म्हणून अन्न वाया घालवताना हात थबकतो. विमानाचं भाडं आणि आरोग्य विमा मात्र स्वतःचा. अमेरिकेत विम्याशिवाय एक दिवसही राहू देऊ नका, आणि रोजच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट बरोबर द्या. व्हिसाचं आमच्यावरून ठरवू नका. नुसत्या पर्यटक व्हिसावर सेवा चालेल असं गृहीत न धरता केंद्राला लिहून विचारा आणि उत्तर आल्यावरच तिकीट काढा.

झेपेल का, हा तुमचा मुख्य प्रश्न. जो माणूस दिवसभर उभ्याने घरकाम करू शकतो, जिना चढू शकतो आणि आठ तास झोप मिळाली नाही तरी चिडत नाही, त्याला झेपतं. बाबांचं इंग्रजी जेमतेम असेल तरी बिघडत नाही, यांचंही तसंच होतं. पण दोघांपैकी एकाच्याच हौसेखातर दुसरं माणूस निघालं असेल तर थांबवा. आणि घर खायला उठतं म्हणून निघाले असतील तरी थांबवा, कारण पहाटे चारच्या अंधारात ते रिकामपण तिथेही सोबत येतं. आधी दोघांनी इगतपुरीला किंवा तुमच्या जवळच्या केंद्रावर एका दहा दिवसांच्या शिबिरात पूर्ण वेळ सेवा करावी, एकाच शिबिरात, आपापल्या बाजूला. घरी आल्यावर दोघांना वेगवेगळं विचारा. दोघंही पुन्हा जायचं म्हणाले तर दीर्घ सेवेचा अर्ज भरा. त्यात वय, गुडघे, साखर, रक्तदाब सगळं खरं खरं लिहा. सामूहिक साधनेला खुर्चीची सोय असते, आणि भाजी निवडणं, फळं चिरणं, चादरींच्या घड्या घालणं अशी बसून करायची कामं रोज असतात. पण ती द्यायची तर आईंचे गुडघे दुखतात हे त्यांना आधी कळायला हवं.