कॉलेज बास्केटबॉलमध्ये एखादी युनिव्हर्सिटी अमेरिकेतली टॉपची कशामुळे ठरते? नुसत्या चॅम्पियनशिप मोजायच्या का?

चॅम्पियनशिप मोजायच्याच, पण मी त्याआधी एक गोष्ट बघतो, मोठा कोच सोडून गेल्यावर तिथे काय होतं. मी बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतोय, ड्यूक आणि यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) या दोन युनिव्हर्सिट्यांमध्ये इथे जेमतेम 16 किलोमीटरचं अंतर, त्यामुळे ऑफिसात, सलूनमध्ये, मराठी मंडळाच्या पॉटलकला हा विषय निघतोच निघतो.

लॉस एंजेलिसची यूसीएलए घ्या. पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त म्हणजे 11 टायटल (राष्ट्रीय चॅम्पियनशिप), पण त्यातली 10 एकट्या कोच जॉन वुडनची, 1964 ते 1975 मधली, त्यात 7 तर सलग. वुडन रिटायर झाले आणि पुढच्या 50 वर्षांत एकच टायटल, 1995 चं. इंडियानाचं तसंच, बॉब नाइटची 1976 ची टीम अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही, पण नाइटना 2000 साली काढलं आणि 2002 ची एक फायनल सोडली तर तिथे म्हणावं असं काही झालेलं नाही. महिलांमध्ये टेनेसी बघा, पॅट समिटनी 8 टायटल दिली, त्या 2012 ला थांबल्या आणि तेव्हापासून फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये जागा, नाही. आणि आता केंटकी, 8 टायटल आणि ती पाच वेगवेगळ्या कोचनी आणलेली, रप, हॉल, पिटिनो, टबी स्मिथ, कॅलिपारी. खरी ताकद म्हणतात ती ही, माणूस बदलला तरी गाडी चालू राहते.

हे जमतं कसं, तर एक म्हणजे परंपरा, आणि ती अक्षरशः गाण्यातल्या घराण्यासारखी चालते. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी 1891 साली शोधला ते जेम्स नेस्मिथ कॅन्ससचे पहिले कोच, त्यांचा शिष्य फॉग ॲलन, ॲलनच्या हाताखाली खेळलेले अडॉल्फ रप केंटकीला गेले आणि डीन स्मिथ यूएनसीला. स्मिथचे असिस्टंट रॉय विल्यम्स आधी 15 वर्षं कॅन्ससला कोच, मग 2003 ला परत यूएनसीला येऊन तीन टायटल. सतरा-अठरा वर्षांच्या चांगल्या पोराला घरी भेटायला जेव्हा असा कोच येतो तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं.

दुसरं म्हणजे वरच्या लोकांचा धीर, आणि याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माइक शिशेफ्स्की, म्हणजे कोच के, 1980 ला ड्यूकला आले, पहिल्या तीन सीझनमध्ये मिळून 38 जिंकले, 47 हरले, 1983 ला व्हर्जिनियाने तर 109-66 असं धुतलं. माजी विद्यार्थी त्यांना काढा म्हणून मागे लागले होते, पण ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळांचे प्रमुख, टॉम बटर्स ठाम राहिले आणि उलट कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, 5 टायटल. त्या दिवशी बटर्स डगमगले असते तर आज इथे ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियमबाहेर पोरं यूएनसीच्या मॅचसाठी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहिली नसती. स्टेडियम तसं छोटंच, 9,314 सीट, पण विद्यार्थी कोर्टाला इतके चिकटून उभे असतात की पाहुण्या टीमचा खेळाडू साइडलाइनवरून बॉल आत टाकताना त्यांचे हात त्याच्या पाठीमागे वीतभर अंतरावर हलत असतात, आणि आवाज असा की त्याला स्वतःच्या कोचचं काही ऐकू येत नाही.

पैसा आहेच. 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमावू शकतात, 2025 पासून युनिव्हर्सिट्या थेट पैसे देतात, ट्रान्सफरही सोपी झालीय, त्यामुळे एका उन्हाळ्यात अख्खी टीम बदलू शकते. तरी मला नाही वाटत नुसत्या पैशाने होतं. यूकॉन बघा ना, कनेटिकटमधल्या स्टॉर्स नावाच्या खेड्यातली युनिव्हर्सिटी, 2014 ला टायटल जिंकून नंतर पार घसरली, 2018 ला डॅन हर्ली आले, 2020 ला टीम बिग ईस्ट या लीगमध्ये परत गेली, जिथे त्यांचे जुने हाडवैरी आहेत आणि बास्केटबॉलच सगळ्यात मोठा, आणि 2023, 2024 ला लागोपाठ टायटल, तेही दोन्ही वर्षांच्या टुर्नामेंट मिळून सगळ्या 12 मॅचेस दहाहून जास्त पॉइंटने जिंकून. त्यांची 6 टायटल तीन कोचची आहेत, आणि महिलांची 12 वेगळी, म्हणून मला विचाराल तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पहिला नंबर यूकॉनचा.

गोन्झागा युनिव्हर्सिटीबद्दल इथे कायम वाद होतो. 1999 पासून झालेल्या प्रत्येक मार्च मॅडनेसमध्ये, म्हणजे टायटलच्या राष्ट्रीय टुर्नामेंटमध्ये, ते आहेत, 2017 आणि 2021 ला फायनल हरले, टायटल एकही नाही. मी तरी त्यांना टॉपमध्ये धरतो, पण जरा हात राखून, कारण 1999 चं वर्ष सोडलं तर हे सगळं मार्क फ्यू या एकाच हेड कोचच्या काळातलं आहे आणि त्यांच्यानंतर काय होतं ते अजून कोणी बघितलेलं नाही.