मोबाइल हातात असला म्हणजे आरोग्याची माहिती पारखता येते का?

'कॉलेजची पोरं दिवसभर ऑनलाइन, मग कोरोनात त्यांचाही गोंधळ का उडाला?' असं विचारलंय. अहो, शोधणं वेगळं आणि पारखणं वेगळं! जर्मनीत मार्च-एप्रिल २०२० मध्ये जवळपास १५ हजार विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी झाली. माहिती विश्वासार्ह आहे का, हे ठरवणं सुमारे ४२ टक्क्यांना अवघड गेलं. मजकुरामागे कुणाचा धंदा आहे का, हे ओळखताना ३९ टक्के अडखळले. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. काढ्याची जाहिरात आपल्याकडे 'आरोग्य टिप' म्हणून फिरते ती अशीच. खरं-खोटं कळेना की माणूस रात्री दोनपर्यंत स्क्रोल करत बसतो, झोप उडते आणि धास्ती वाढते ती वेगळीच. तेव्हा मजकूर कुणी लिहिला, कधीचा आहे आणि खाली 'आत्ताच मागवा'चं बटण आहे का, एवढं आधी बघा.