आदोळीवरची तीन अक्षरं

प्रश्न: ताई, आईचं माहेर डिचोलीचं. १९८० च्या सुमारास मामांनी घर विकलं, जुनं सामान भंगारवाल्याने नेलं. गेल्या महिन्यात एका संग्रहालयात नारळ खोवायची आदोळी दिसली. पाटाच्या कडेला पुसट तीन अक्षरं. आई तिथेच थबकली, "ही आमच्या आवयची", म्हणजे तिच्या आईची, म्हणाली. चिठ्ठीवर फक्त 'आदोळी, लाकूड व लोखंड' आणि एक नंबर. आजीचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. ते लोक मूळचे केळशीचे, कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा, एवढंच ठाऊक आहे. खातरजमा कशी करायची?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी आईकडे बसा, आणि आजच बसा. मोबाइलमधला त्या आदोळीचा फोटो तिला पुन्हा दाखवू नका. फोटो बघत राहिलं की आठवण आणि फोटो एकमेकांत मिसळतात, मग काय खरं आठवलं होतं ते तिलाही सांगता येत नाही. तिला वही द्या आणि घरची आदोळी काढायला सांगा. पाट फणसाचा होता का, पातं कधी बदललं होतं का, कुठे तडा, कुठे जळल्याचा डाग. चित्राखाली तारीख घाला. मग संग्रहालयाला पत्र लिहा. चिठ्ठीवरचा नंबर हीच तुमची किल्ली आहे. त्या नंबरापुढे नोंदवहीत वस्तू कधी आली, कुणी दिली की विकत घेतली, हे लिहिलेलं असतं. पाट उलटा करून बघायची परवानगीही त्याच पत्रात मागा. नाव पुष्कळदा खालच्या बाजूला असतं.

आता अक्षरांचं. ती आजीच्या नावाची असतीलच असं धरू नका. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, आणि माहेरून आलेल्या भांड्यांवर बापाचं नाव घालायची रीत होती. म्हणजे तुम्हाला आजीची दोन्ही नावं हवीत आणि तिच्या वडिलांचंही.

ती कुठे मिळतील? घराच्या विक्रीखतात बघा. गोव्यात मुलगीही वारस असते, म्हणून आईचाही उल्लेख कागदात असायला हवा. विक्रीआधी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्तऐवज, झालं असेल तर आजी-आजोबांची नावं त्यात आहेत. शिवाय १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वारस अल्पवयीन असले किंवा वाटणी जमली नाही, की कोर्टात 'इन्व्हेंतार' व्हायचा आणि घरातल्या जिनसांची यादी व्हायची. डिचोलीच्या कोर्टात चौकशी करा.

माझ्या आजोबांच्या इन्व्हेंतारात मला न्हाणीतलं तांब्याचं भाण सापडलं. 'काल्देइरा द कोब्रे', जुनं, असं कारकुनानं लिहिलंय. पोर्तुगीज येणाऱ्या शेजारच्या काकांनी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा मला त्या भाणाखालच्या चुडतांचा, माडाच्या सुक्या झावळांचा, धूर आठवला. आजी रोज पहाटे ते पेटवायची. त्या कागदांत तिचं नाव दोनदा येतं, दोन्हीदा वेगळ्या स्पेलिंगने. तुम्ही शोधताना हे ध्यानात असू द्या. प्रभू 'पोरोबो' म्हणून सापडतील, कामत 'कामोतीं', शेणवी 'सिनाय'.

पणजीच्या पुराभिलेखागारातही जा. १५९५ साली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या हाती त्याची सुरुवात झाली. पुढे इतिहास संशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथले कागद आयुष्यभर हाताळले. पण तिथे लगेच आजी भेटेल अशी आशा धरू नका. केळशीचा धागा मात्र पक्का आहे. सोळाव्या शतकात देवी साष्टीतल्या केळशीहून अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, कवळ्याला आली, तिच्यामागे कुळंही आली. देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या, यादीत मामांचं कुळ शोधता येईल. तिथे पुरुषांची नावं पिढ्यान्‌पिढ्या मिळतील, बायकांची नाहीत. म्हणूनच तुमची आदोळी मला इतकी मोलाची वाटते. ज्या बाईचं नाव महाजनांत नाही, गावकारीच्या (गावच्या जुन्या संस्थेच्या) वांगडात, म्हणजे कुळगटात, नाही, तिने रोज तासभर जिच्यावर बसून नारळ खोवला ती वस्तू आहे.

बाणावलीच्या 'गोवा चित्र' या संग्रहालयालाही एकदा आईला घेऊन जा. जुन्या घरांतून बाहेर काढलेली अवजारं आणि भांडी तिथे जमवली आहेत. शेजारी शेजारी दहा वस्तू बघितल्या की आईला आपल्या घरची कशी वेगळी होती ते नेमकं सांगता येईल.

अक्षरं जुळली नाहीत तर आईने काढलेलं चित्र आणि तिचं बोलणं तरीही त्या संग्रहालयाला द्या. आदोळी कशी वापरायचे, कुणाच्या हातात असायची, हे त्या चिठ्ठीवर आज नाहीच. जुळली, तर आजीचं नाव नोंदवहीत घालायची लेखी विनंती करा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं द्या.

आईने काय काढलं ते मला जरूर कळवा. जळल्याचा डाग कुठल्या कोपऱ्यात होता, हे मात्र संग्रहालयात परत जायच्या आधी विचारून ठेवा.