डब्यात काय होतं?

"ताई, वय 71, बँकेतून रिटायर. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी 6 वाजता मी दिनविशेष टाकतो, त्या दिवशीच्या घटना आणि प्रत्येकीतून घ्यायची शिकवण. स्वतः टाइप करतो, फॉरवर्ड नाही. मुलगा बंगळुरूला, त्याने ग्रुप म्यूट केलाय हे नातवाकडून कळलं. सून आठवण आली तर अंगठा टाकते. 12 जुलैला मी मेहनतीने लिहिलं होतं. 1660, पन्हाळ्याहून महाराजांची सुटका: निर्णय वेळेवर घ्या. 1961, पानशेतचा पूर: संकट सांगून येत नाही. 1982, नाबार्डची स्थापना: बचत करा. पुराच्या वेळी मी 7 वर्षांचा होतो, नारायण पेठेत राहायचो, आक्काने (ती तेव्हा 13ची) एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हातात पितळी डबा, आणि पर्वतीपर्यंत पळवत नेलं, डब्यात काय होतं कोण जाणे, असो. मुद्दा हा की त्या दिवशी कुणी एक अक्षर लिहिलं नाही. रोज न चुकता हात जोडणारी आमची साताऱ्याची आक्कासुद्धा नाही. नव्या पिढीला इतिहासाचं वावडं आहे का? मी हे बंद करू का?"

काका,

नव्या पिढीचं राहू द्या. आक्का 77 वर्षांची आहे, ती कुठली नवी पिढी?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 'असो'पाशी अडकले. पुराचं पाणी येतंय, तेरा वर्षांची पोरगी लहान भावाला ओढत पळतेय आणि तिच्याकडे दोनच हात आहेत, त्यातला एक तिने डब्याला दिलाय. आणि तुम्ही म्हणताय कोण जाणे! आक्का जाणे, दुसरं कोण! साठ वर्षं उलटून गेली, एवढ्या भाऊबीजा झाल्या, एकदाही विचारलं नाहीत?

बरं, आता शिकवणींबद्दल, थोडं कडू लागेल. नाबार्ड म्हणजे शेतीला आणि गावाकडे कर्ज पोचावं म्हणून काढलेली बँक, तिच्यातून 'बचत करा' कुठून निघालं? तुम्ही तर बँकेतले, तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे कमाल आहे. पन्हाळ्याचं 'निर्णय वेळेवर घ्या' तर ऑफिसच्या भिंतीवर लावायला बरं. त्या रात्री शिवा काशीद राजांसारखा पोशाख करून दुसऱ्या पालखीत बसला होता, पकडला गेला, सिद्दीच्या छावणीत ओळख पटली आणि मारला गेला. त्याच्या घरच्यांना सांगून बघा हे वेळेवर निर्णयाचं.

पण सगळ्यात जास्त राग मला पानशेतच्या ओळीचा आला. संकट सांगून येत नाही म्हणे! अहो, ते सांगूनच आलं होतं. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं, बांध खचायला लागला, आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, अंधारात आणि पावसात. सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं, मग ते जुनं दगडी धरणही गेलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. मधे काही तास होते, दिवसाउजेडी होते, म्हणून तर एवढी माणसं जीव घेऊन पर्वतीकडे पळू शकली. त्या तासांत तुमच्या घरात काय चाललं होतं? आई कुठे होती, वडील कुठे होते? तुमच्या पत्रात दोघंही नाहीत. डबा कुणी भरला, आक्काने स्वतः की कुणीतरी तिच्या हातात कोंबला? तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही सात वर्षांचे होतात, ते माफ आहे. एकाहत्तराव्या वर्षी माहीत नाही, हे माफ नाही.

आणि जी बाई तुमच्या कुठल्याही दिनविशेषाला न चुकता हात जोडते, तिने नेमके त्याच दिवशी का जोडले नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, तुम्ही तिला सरळ न वाचणाऱ्यांच्या यादीत टाकून मोकळे झालात. मला वाटतं तिने वाचलं. चष्मा लावून नीट वाचलं, आपल्या त्या दिवसाची भावाने चार शब्दांची म्हण केलेली बघितली आणि फोन बाजूला ठेवला. चुकत असेन तर ती सांगेलच तुम्हाला.

मुलगा न् सुनेबद्दल मी काही बोलणार नाही, म्यूट केलं तर केलं, सकाळी सहाला मीही केलं असतं. दिनविशेष चालू ठेवा की बंद करा, तुमची मर्जी, तो प्रश्नच नाहीये.

साताऱ्याला जा. पुढच्या 12 जुलैला नाही, या आठवड्यात. फोनवर विचारू नका, व्हिडिओ कॉल तर अजिबात नको, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि "आवाज येतोय का" यात सगळं वाहून जाईल. स्वारगेटवरून एसटी पकडा, तुम्हाला तर अर्धं तिकीट. चहा होऊ दे, गुडघ्यांची चौकशी होऊ दे, आणि मग विचारा, आक्का, त्या डब्यात काय होतं गं? विचारून झालं की गप्प बसा. हे तुम्हाला जड जाणार, ठाऊक आहे मला, पण मधे 1961 सालची माहिती तिला सांगायला जाऊ नका, ती तिथे होती. ती "काही नाही रे" म्हणेल, पहिल्यांदा सगळ्याच म्हणतात. उठू नका. भाजी निवडायला घ्या तिच्यासोबत, हात कामात असले की बायका बोलतात.

आणि जे कळेल ते ग्रुपवर टाकायचं नाही. शिकवणीसकट नाही आणि शिकवणीशिवायही नाही. आक्का स्वतःहून म्हणाली की नातवाला सांग, तर सांगा, तेही समोर बसवून.

बीपीच्या गोळ्या पिशवीत टाका आणि राहायच्या तयारीने जा, एका दुपारीत नाही व्हायचं हे.