रक्त लालभडक झाले, पण शुद्ध झाले का?

ओझोन उपचार आणि शरीरातील विषद्रव्ये काढून टाकण्याचे दावे यांविषयी विदर्भाच्या ग्रामीण भागातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातील शेतकरी आहे. आठ एकर कपाशीची फवारणी मी आणि आमचा सालदार मिळून करतो. धुऱ्यावरच्या गवतावर तणनाशकही मारतो. तीन-चार हंगामांपासून फवारणीच्या दिवसांत माझे डोके दुखते, मळमळते आणि थकवा पार दिवाळीपर्यंत राहतो. तालुक्याच्या गावी निघालेल्या एका केंद्रात सांगितले, की माझ्या रक्तात कीटकनाशकाचे विष साचले असून ओझोनच्या दहा बैठकांत ते निघून जाईल. खर्च अठरा हजार रुपये. तेथे डॉक्टर हजर असतात. शेजाऱ्याने हा उपचार घेतला, तेव्हा त्याचे काळपट रक्त त्याच्या डोळ्यांदेखत लालभडक झाले. तुरीचे चुकारे हाती आले की मीही हा उपचार घ्यावा काय?

उत्तर : चुकाऱ्याचे पैसे यात घालू नका, थकव्याची तपासणी मात्र चुकारे येण्याची वाट न पाहता करून घ्या.

तुमच्या शेजाऱ्याने जे पाहिले ते खरेच घडते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. अशा केंद्रात बहुधा शिरेतून शंभर ते दोनशे मिलिलिटर रक्त बाटलीत घेतात, ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात, ऑक्सिजन आणि ओझोन यांचे मिश्रण त्यात सोडून हलवतात आणि तेच रक्त पुन्हा शिरेत चढवतात. त्या मिश्रणात ९५ टक्के किंवा त्याहून अधिक ऑक्सिजनच असतो. शिरेतील रक्त शरीरभर ऑक्सिजन वाटून परत निघालेले असल्यामुळे गडद दिसते, आणि हिमोग्लोबिनला पुन्हा ऑक्सिजन मिळताच ते लालभडक होते. तुमच्या फुप्फुसांत हे काम प्रत्येक श्वासाला फुकट चालते. तेच रक्त साध्या हवेबरोबर बाटलीत हलवले तरी उजळेल. रंगातील हा बदल म्हणजे कीटकनाशक निघून गेल्याची खूण नव्हे, आणि शरीरात परतलेले ते रक्त एक फेरी पूर्ण होता होता पुन्हा गडद झालेले असते. शिवाय प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, त्यातील पाव लिटरही बाटलीत येत नाही, आणि साचून राहणारी बहुतेक रसायने रक्तापेक्षा चरबीत, यकृतात किंवा हाडांत साचतात.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याला हे नाव दिले. पिण्याच्या पाण्यातील जंतू मारण्यासाठी त्याचा उपयोग सर्वमान्य आहे, कारण तो भेटेल त्या पदार्थाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण करतो. हाच गुण फुप्फुसांना घातक ठरतो, म्हणून आपल्या देशाच्या हवा-गुणवत्तेच्या मानकांत ओझोनची गणना प्रदूषकांत होते आणि आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत तर तो विषारी वायू असून त्याचा कोणताही उपयुक्त वैद्यकीय उपयोग ज्ञात नाही, असे लिहिलेले आहे. उपचाराच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की मोजक्या ओझोनने शरीराला सौम्य धक्का बसतो आणि त्याची स्वतःची संरक्षक विकरे (एन्झाइम) वाढतात. प्रयोगशाळेत याला काही आधार सापडतो, परंतु विकरे वाढणे आणि फवारणीचे विष अंगातून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट माणसांवर विश्वासार्ह रीतीने सिद्ध झालेली नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे वळू. कपाशीवर मारली जाणारी प्रोफेनोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट गटातील औषधे नसांचे काम नियंत्रित करणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. औषधाचा बराचसा अंश यकृत मोडते आणि तो लघवीवाटे निघून जातो. लाल पेशींतील विकर मात्र नव्या पेशी तयार होतील तसेच भरून येते आणि त्याला कित्येक आठवडे, कधी तीन-चार महिनेही लागतात. तेवढ्यात पुन्हा फवारणी झाली की उरलेसुरले विकरही खाली येते. तुमचा दिवाळीपर्यंतचा थकवा या हिशोबात बसू शकतो, पण तो रक्तक्षयाचा, मधुमेहाचा, थायरॉइडचा किंवा क्षयाचाही असू शकतो, हे नजरेने सांगता येत नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला कोठे होईल ते तेथील डॉक्टरांना विचारावे. ही तपासणी एकदा फवारणी सुरू होण्यापूर्वी आणि एकदा हंगामात केली तर तुलना करता येते; एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही.

त्या केंद्राला एक प्रश्न जरूर विचारावा : माझ्या रक्तात नेमके कोणते विष आहे, त्याचे नाव काय, ते आज किती आहे आणि दहा बैठकांनंतर किती राहिले हे कोणत्या तपासणीने दाखवाल? वैद्यकशास्त्रात विष काढण्याचे किंवा त्याचा परिणाम रोखण्याचे खरे उपचार आहेत. शिशासारख्या धातूंना बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, डायलिसिस आहे, ऑर्गेनोफॉस्फेटसाठी ॲट्रोपिन आहे. त्या प्रत्येकात विषाचे नाव ठाऊक असते आणि परिणाम मोजता किंवा तपासता येतो. उपचारानंतर बरे वाटले तर विष गेले आणि गळून गेल्यासारखे झाले तर विष जात आहे, असे उत्तर मिळाले, तर तो उपचार कधी चुकल्याचे कोणालाच कळणार नाही.

तणनाशकाचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे, पण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या डब्यावर पॅराक्वाट असे नाव असेल तर लक्षात ठेवा, की हे विष ऑक्सिजनच्या साहाय्यानेच फुप्फुस जाळते. पॅराक्वाट पोटात गेलेल्या रुग्णाला रुग्णालयातही, रक्तातील ऑक्सिजन फारच उतरल्याशिवाय, ऑक्सिजन लावण्याचे टाळतात. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त शुद्धी, ही समजूत येथे जिवावर बेतू शकते.

२०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांतील बहुतेकांनी विष प्यायलेले नव्हते. ते विष श्वासातून आणि घामाने भिजलेल्या कातडीतून अंगात गेले होते. अठरा हजारांतला थोडा भाग हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांवर खर्च करा, तुमच्यासाठी आणि सालदारासाठीही. कपाशी डोक्याएवढी वाढल्यावर तिच्यात शिरून फवारणी करू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका, दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका, आणि काम संपताच साबणाने आंघोळ करून फवारणीचे कपडे वेगळे धुवा. घाम, लाळ आणि डोळ्यांचे पाणी एकदम वाढले, बाहुल्या बारीक झाल्या, अंग थरथरू लागले किंवा श्वास लागला, तर अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमचे गाव आरमोरी तालुक्यात आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची असून तिला सिकलसेलचा आजार आहे, वाहक नाही. तिला वरचेवर हातापायांच्या कळा येतात. नात्यातील एकजण म्हणतात, की या आजारात पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, तेव्हा ओझोनने तिला आराम पडेल. डॉक्टरसाहेब, हे खरे आहे काय?

उत्तर : ताई, त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. ऑक्सिजन सोडून दिल्यावर सिकलसेलचे हिमोग्लोबिन घट्ट होऊन पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे बरोबर. परंतु बाटलीतल्या थोड्याशा रक्ताला दिलेला ऑक्सिजन काही क्षणांत खर्ची पडतो आणि ओझोनचा ऑक्सिडीकरणाचा मारा मागे राहतो. सिकलसेलच्या लाल पेशींचे आवरण या माऱ्यापुढे आधीच दुबळे असते. त्याशिवाय आपल्या भागात, विशेषतः आदिवासी समाजांत, जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरताही आढळते. ती असलेल्या माणसाच्या पेशी ऑक्सिडीकरणाने फुटतात, लघवी चहासारखी काळपट होते आणि रक्त झपाट्याने कमी होते. हिवतापाच्या प्राइमाक्विन गोळीपूर्वी डॉक्टर याची चौकशी करतात ती याचसाठी. ओझोनच्या पुरस्कर्त्यांनी २०१० मध्ये माद्रिद येथे स्वतः काढलेल्या जाहीरनाम्यातही ही कमतरता असलेल्यांना हा उपचार देऊ नये असेच म्हटले आहे. तुमच्या मुलीला तो देऊ नका.

तिच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, आणि नियमित घेतल्यास कळांचे प्रमाण कमी होते हे भक्कमपणे सिद्ध झालेले आहे. ते शासकीय रुग्णालयात मिळते. मात्र अधूनमधून रक्त तपासून त्याची मात्रा ठरवावी लागते, त्यामुळे फेऱ्या चुकवू नयेत. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, उन्हातान्हात आणि कडाक्याच्या थंडीत जपणे, लसी वेळेवर घेणे, एवढे पाळावे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एका अंगाला अशक्तपणा जाणवणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, सकाळची वाट पाहू नये. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. घरातील इतर मुलांची तपासणी झालेली नसेल तर आशाताईंना सांगून करून घ्या.

प्रश्न : वडिलांना मधुमेह असून पायाच्या अंगठ्याला दोन महिन्यांपासून जखम आहे. पायाला पिशवी बांधून तीत ओझोन सोडतात आणि वरून ओझोनयुक्त तेल लावतात, असा उपचार सुचवला आहे. (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

उत्तर : जखमेवरील ओझोनचा विचार हा रक्त शुद्ध करण्याच्या दाव्याइतका हवेतला नाही, पहिल्या महायुद्धातही सडलेल्या जखमांवर तो वापरला गेला. तरीही कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरील चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा त्यांना केवळ तीन चाचण्या मिळाल्या, सहभागी रुग्ण २१२ होते, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. वडिलांच्या बाबतीत माझी काळजी तेलाची नसून त्यापायी जाणाऱ्या दिवसांची आहे. दोन महिने न भरलेली जखम म्हणजे रक्तपुरवठा अपुरा असणे, हाडापर्यंत संसर्ग पोहोचणे किंवा चालताना तिथेच भार पडत राहणे, यांपैकी काहीतरी आहे. शल्यचिकित्सकाकडे याच आठवड्यात न्या. मृत भाग काढणे, पायाच्या धमन्यांची तपासणी, एक्स-रे, साखर आटोक्यात आणणे आणि त्या अंगठ्यावर भार पडू न देणे, हे आधी झाले पाहिजे.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यात शिक्षक आहे. पत्नीच्या कमरेतील चकती सरकली आहे. ओझोनचे इंजेक्शन ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ देतो, अशी जाहिरात वाचली. अशा देखरेखीत काय काय असायला हवे?

उत्तर : सरकलेल्या चकतीत किंवा गुडघ्यात ओझोनचे इंजेक्शन देण्यावर चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत वेदना कमी झाल्याचे आढळले आहे, चाचण्या लहान आणि कमीअधिक दर्जाच्या आहेत, पण हा विषय ‘डिटॉक्स’च्या पॅकेजपेक्षा वेगळा आहे. चकतीतील इंजेक्शन एक्स-रेच्या पडद्यावर सुईची जागा पाहून, शस्त्रक्रियागृहात, त्यात प्रशिक्षित तज्ज्ञानेच द्यावे. बहुतेकांची चकतीची वेदना काही आठवड्यांत व्यायाम आणि औषधांनी ओसरते, त्यामुळे घाई करू नये. पायातील शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र इंजेक्शनचा विचार सोडून तातडीने रुग्णालय गाठावे.

खोलीत डॉक्टर बसलेले असणे म्हणजे देखरेख नव्हे. आणि देखरेख उत्तम असली तरी तिने जोखीम कमी होईल, निरुपयोगी उपचार उपयोगी होणार नाही. ओझोन साठवता येत नाही, तो जागेवर तयार करावा लागतो. यंत्राला वैद्यकीय ऑक्सिजनच हवा, कारण खोलीतील हवा वापरली तर त्यातील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम ओझोन दिला हे केसपेपरवर लिहिलेले असावे. ओझोनने साधे रबर कुजते, म्हणून नळ्या त्याला टिकणाऱ्या असाव्यात आणि सुई-संच प्रत्येकाला नवा. वायू थेट शिरेत कधीही सोडू नये. बुडबुडा मेंदूत किंवा फुप्फुसात अडकून प्राण जाऊ शकतो. तो हुंगायलाही देऊ नये. गर्भारपण, थायरॉइडचा अनियंत्रित आजार, हृदयविकार, प्लेटलेट कमी असणे यांची चौकशी आधी झाली पाहिजे.

संमतीच्या कागदावर सही मागतील तेव्हा तो वाचा. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली सही खरी संमती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जाहिरातीत मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा असेल तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

प्रश्न : आमच्या गावच्या शिबिरात पाय पाण्यात ठेवून यंत्राने अंगातील विष खेचतात. पाणी खरोखर तपकिरी होते. (दर्यापूर तालुका, जिल्हा अमरावती)

उत्तर : पाण्यात मीठ असते आणि यंत्राला लोखंडी पट्ट्या असतात, वीज सोडली की त्या गंजतात आणि तो गंज पाण्यात उतरतो. पुढच्या शिबिरात पाय न घालता यंत्र पंधरा मिनिटे चालवायला सांगा, पाणी तेवढेच तपकिरी होईल. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी तर या टबात पाय घालूच नयेत, कारण पाणी किती गरम आहे हे त्यांना कळत नाही.