साबी सँडला निघण्याआधी

प्रिय पोरी,

एप्रिलअखेर तू चित्रणासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडच्या रानात निघणार, हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. कॅमेऱ्याबद्दल विचारलंयस, ते सांगतोच. पण आधी गाडीच्या बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बसवलेल्या एका छोट्या खुर्चीबद्दल लिहितो. तुझं तिथलं सगळं काम त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या जिवावर चालणार आहे.

तो ट्रॅकर, ठशांवरून जनावराचा माग काढणारा. बहुधा तिथल्या शांगान समाजातला, घरी त्सोंगा भाषा बोलणारा. बिबट्याला ‘यिंग्वे’ आणि सिंहाला ‘न्घाला’ म्हणायला पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शीक. रेनियास म्हलोंगो हे असेच जाणते ट्रॅकर. ही विद्या जुन्या माणसांबरोबर संपून जाऊ नये म्हणून त्यांनी अ‍ॅलेक्स व्हॅन डेन हीव्हर यांच्यासोबत 2010 मध्ये ट्रॅकर अकॅडमी उभी केली. लुई लीबेनबर्ग यांनी सुरू केलेली, माग काढणाऱ्यांची सायबरट्रॅकर नावाची परीक्षाही तिकडे होते. त्यात तुला ठशासमोर उभं करून विचारतात, हा कोणाचा, कुठला पाय. सवड मिळाली तर ती परीक्षा दे. नापास झालीस तरी दे.

सकाळ कशी असते ते सांगतो. उजाडता उजाडता गाडी निघते. ट्रॅकरची नजर रस्त्याच्या वाळूवर. अचानक त्याचा हात वर जातो आणि गाडी थांबते. त्याच्यासोबत उतरायला मिळालं तर त्याच्या मागे उभी राहा, ठशावर सावली पाडू नकोस. ठशात नखं उमटलेली नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे, म्हणजे मार्जारकुळातलं जनावर. आकार आटोपशीर, म्हणजे बिबट. इथपर्यंत तुला ताडोबाने शिकवलंय. पुढचं तिथे शिकशील. ठसा काल संध्याकाळच्या टायरच्या नक्षीवर पडलाय, म्हणजे जनावर त्यानंतर गेलं. पण ठशावरून एका किड्याची बारीक रेघ गेलीय, आणि तो किडा रात्री फिरणारा. म्हणजे पहाटेचा नव्हे, मध्यरात्रीच्या आसपासचा. ट्रॅकर काही न बोलता वाळूत काडीने ठशापुढे आडवी रेघ मारतो, मागून येणाऱ्या गाडीला कळावं की हा माग पाहून झालाय. मग बंदूकवाल्या रेंजरसोबत तो झाडीत शिरतो आणि तू गाडीत बसून राहतेस. अर्धा तास, कधी दोन तास. त्या वेळात मोबाइल बघू नकोस, ऐकत राहा.

धोक्याचे कॉल, म्हणजे शिकारी जनावर दिसल्यावर बाकीचे देतात ते इशारे, ओळखायला तुला वेळ लागणार नाही. आपल्याकडे चितळ उगाचही ओरडतं आणि वानराने खोकलं की आपण गाडी वळवतो. तिथे ती भिस्त व्हर्वेट माकडांवर, खारींवर आणि तित्तिराच्या जातीच्या पक्ष्यांवर. इम्पाला या तिकडच्या हरणांचा कळप एकाच दिशेला तोंड करून फुरफुरत उभा असेल तर तिकडे काहीतरी आहेच. फक्त तू पोहोचशील तेव्हा इम्पालांचा माजाचा हंगाम असेल. नर रात्रभर असे डुरकतात की नवख्याला सिंहच वाटावा. पहिल्या रात्री मीही तंबूत उठून बसलो होतो. ते झुंजण्यात गुंगलेले असतात आणि बिबट त्याचा बरोबर फायदा घेतो, तेव्हा डुरकणं ऐकू आलं म्हणून दुर्लक्ष करू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचं. ताडोबात तुझी जिप्सी रस्ता सोडत नाही. साबी सँडमध्ये बिबट्या किंवा सिंहामागे गाडी झाडीत घालायची मुभा आहे. ती मुभाच तुझी परीक्षा बघेल.

एकदा एक बिबट मादी इम्पालांच्या कळपाकडे सरकत होती. पोट जमिनीला टेकलेलं, एक पाऊल टाकायला दोन-दोन मिनिटं. तिची दोन पिल्लं खडकात लपवलेली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. मला तिच्यामागची झुडपं आड येत होती, म्हणून मी गाडी वीस पावलं पुढे घ्यायला सांगितली. ट्रॅकरने मान हलवून नको म्हटलं. मी हट्ट केला. इंजिन सुरू झालं, कळपाने माना वर केल्या आणि एका इम्पाला मादीच्या नजरेला बिबट मादी पडली. फुरफुर झाली, संपलं. बिबट मादी उठली, आमच्याकडे बघितलंही नाही, आणि उपाशीच निघून गेली. तिला शिकार मिळाल्याचं आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते चित्रण मी कधीच वापरलं नाही.

म्हणून सांगतो, जनावर शिकारीवर असेल तर इंजिन बंद आणि बंदच. रात्रीचा झोत इम्पालांवर टाकायचा नाही, त्यांचे डोळे दिपतात आणि ती बिचारी आयती मरतात. पिल्लांच्या डोळ्यांवर तर कधीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत मादीने पिल्लं जिथे ठेवली असतील तिकडे जायचंच नाही, कोणी कितीही आग्रह करो. आणि गेंडा टिपलास तर जागा सांगायची नाही, मोबाइलच्या फोटोतलं लोकेशन निघताना घरूनच बंद करून जा. एका फोटोवरून शिकारी टोळ्या पोहोचू शकतात.

बिबट ओळखायचा तो मिशांच्या वरच्या ओळीवरच्या ठिपक्यांवरून. एका गालावर 3 आणि दुसऱ्यावर 4 असतील तर नोंद 3:4. रोज रात्री कितीही थकलीस तरी वही लिही: कोण, कुठे, काय करत होता, कानाला चीर आहे का. 1993 मध्ये शेजारच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचं कुंपण काढलं, त्यामुळे सुमारे 65,000 हेक्टरच्या या रानातून जनावर मोकळेपणी पलीकडे जातं आणि आठवडेच्या आठवडे दिसत नाही. मग एके दिवशी परत येतं. तेव्हा तुझी वहीच सांगेल की ही तीच.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, रिकामी ने, तिथे तांदूळ भर. नऊनंतर तापल्या जमिनीवरून हवा लहरते आणि लांब लेन्समधून सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं, तेव्हा दूरचं चित्रण सोडून दे आणि आवाज रेकॉर्ड कर. धूळ आधी ब्लोअरने उडव, मगच ब्रश, नाहीतर काचेवर ओरखडे येतात. कार्ड पुसण्याआधी दोन डिस्कवर प्रत. जून-जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत बोटं बधिर होतात, बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे इथूनच घे. आईला सांग, स्वेटर दोन देच.

पोहोचलीस की पहिल्या आठवड्यात वाळूतल्या एका ठशाचा फोटो पाठव, शेजारी काडेपेटी ठेवून. कोणाचा, कधीचा आणि कुठे निघालेला, ते तू लिहून ठेव. मीही माझं उत्तर लिहून ठेवतो. मग दोन्ही तुझ्या ट्रॅकरला दाखव आणि तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझा,
काका